घरचे पाय

पाय

प्रमोदिनी गेली तेव्हा सिनेमासाठी आवाज देऊन गेली होती. पाय तेवढे राहिले.

असं बोलायची रीत त्या धंद्यातच आहे. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत, पूर्वी प्लास्टिकचे साचे पडायचे त्या शेडमध्ये, जोहरा सिनेमांसाठी आवाज करायची. बोलण्याचे नव्हे, बोलणं सोडून बाकी सगळे. पडद्यावर कुणी कुलूप उघडतं, पदर सावरतं, जिना उतरतं. त्याचा आवाज शूटिंगच्या जागी नीट येत नाही, कारण तिथं ट्रक असतात, जनरेटर असतो, बघ्यांचं खोकणं असतं. म्हणून नंतर कुणीतरी बंद खोलीत पडद्याकडं बघत ते सगळं पुन्हा करायचं आणि जिथल्या तिथं बसवायचं. ह्याला फॉली म्हणतात. हाड मोडायचं असलं की शेवग्याची शेंग. डोक्यात दगड पडायचा असला की कोबीचा गड्डा. आणि पायांना पाय. पायांना दुसरं काही चालत नाही.

हे ती मुंबईत गयासभाई नावाच्या उस्तादाकडं शिकली. बरीच वर्षं लोकांच्या हिरॉइनी चालवल्या, पळवल्या, पावसात भिजवल्या. मग अब्बांची नजर काचबिंदूनं गेली आणि ती गावी परत आली.

अब्बा म्हणजे कमरोद्दीन. एसटीच्या वर्कशॉपातले रिटायर मेकॅनिक. गाडी फाटकातून आत वळली की बोनेट न उघडता सांगायचे, हिला कुठं दुखतंय. नजर गेल्यावर तोच कान त्यांनी घराला लावला. रोशन गेटच्या आतल्या गल्लीत कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना खाटेवर बसून कळायचं. पण माणसाच्या बोलण्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि तो जोहरानंच घालवला होता. लहानपणी ती अम्मीचा आवाज काढून त्यांना हाक मारायची. मांजर व्हायची, कुकर व्हायची, एकदा तर वर्कशॉपचे साहेब झाली होती आणि अब्बा जेवता जेवता उठून उभे राहिले होते.

"आवाज कोई बी निकालता," ते म्हणायचे. "पाँव नै निकालता कोई."

म्हणून ओळख पायांवर. जिन्याखाली तिची चप्पल वाजली की आतून यायचं, "आगई क्या बेटा?" मग हात धुणं, मग जेवण. दिवसा स्वयंपाकाला आणि सोबतीला साळूबाई असायची, पण घास फक्त जोहराच्या हातचा. मध्यंतरी सोबतीला ठेवलेल्या एका माणसानं त्यांच्या डोळ्यांत भलतंच औषध घातलं होतं. त्यानंतर साळूबाईच्या हातचा चहा तेवढा चालायचा, तोही ती समोर आधी एक घोट घेणार असेल तर.

तर प्रमोदिनी. शाळेत शिकवायची, नाटकांत काम करायची, आणि हा सिनेमा काढणाऱ्या मधुसूदनची थोरली बहीण. शूटिंग झालं, तिनं आपलं बोलणं स्टुडिओत बसून पुन्हा भरून दिलं, आणि महिन्याभरात मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. शूटिंग पडेगावला, दौलताबाद रस्त्याच्या कडेला झालेलं. जागेवरच्या आवाजात ट्रकांशिवाय काही सापडेना.

मधुसूदन बहिणीची चप्पल कापडात गुंडाळून घेऊन आला.

"अक्काची आहे. सिनेमात तीच घातलीय," तो म्हणाला. "उपयोग होईल ना?"

"होईल की," जोहरा म्हणाली. "पुढं थोडा कापूस कोंबते."

काचेपलीकडं मिक्सिंगला बसलेला बद्रीनाथ माईकवरून म्हणाला, "ताई, मोठी होतीया तुला. फटफट वाजंल."

"तू तुझी बटनं बघ, बद्री."

पायांकडं बघायचं नसतं. निम्म्या वेळा ते पडद्याच्या चौकटीबाहेर असतात, आणि आत असले तरी फसवतात. बघायचे खांदे. खांद्याला पाय आधी कळतो. जोहरा माईकसमोर माती भरून ठेवलेल्या लाकडी चौकटीत उभी राहिली आणि प्रमोदिनीच्या खांद्यांकडं बघत चालली. जुळलं नाही. पुन्हा. जुळलं, पण मेलेलं वाटलं. पुन्हा. मग तिला दिसलं की डावा खांदा खाली येता येता किंचित अडतो. ही बाई डावा पाय जमिनीला विचारून टेकवायची. आहेस ना? आणि मग वजन टाकायची.

जोहरानं एकदा तसं विचारून पाय टेकवला.

काचेपलीकडं मधुसूदन उठून उभा राहिला. दार उघडून बाहेर गेला.

"ताई," बद्रीनाथ हळूच म्हणाला, "त्यो रडतुया."

"मग बरोबर आलं," जोहरा म्हणाली, आणि पुढचा शॉट माग

विमान. थांबा.

त्या शेडवरून विमानं उतरतात. आवाज भिंतींत मुरेपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, हातातलं हातात धरून, पाय अर्धा उचलला असला तर अर्धाच. गेलं. पुन्हा.

आणि पुढचा शॉट मागितला.


शेपूट

ह्या कामाचे दोन नियम इथं सांगायला पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिला. माणूस चौकटीबाहेर गेला तरी पाय लगेच थांबवायचे नाहीत. पडद्यावरून दिसेनासा झाला म्हणून तो काही नाहीसा होत नाही. तेव्हा अजून चालायचं, लांब जात जात, मिक्सिंगवाल्याला आवाज हळूहळू विरवता यावा म्हणून. ह्याला ते शेपूट म्हणतात. किती ठेवायचं ते चालणाऱ्यानं ठरवायचं आणि शेवटी पाय जुळवून थांबायचं. पाय जुळल्याशिवाय शॉट संपत नाही.

दुसरा नियम गयासभाईंचा. दिवसाचं काम संपलं की त्याच मातीवरून, त्याच माईकसमोर, एक फेरी स्वतःच्या चालीनं मारायची आणि ती टेप करायची. ह्याला ते घरचे पाय म्हणायचे. "दूसरे के पाँव पहन के घर नहीं जाने का," असं ते नव्या पोरींना सांगायचे, आणि पोरी तोंडाला रुमाल लावून हसायच्या. जोहराही हसायची. पण फेरी मारायची. सवय म्हणून, दात घासावेत तशी.

प्रमोदिनीचा शेवटचा शॉट असा: ती घराच्या ओसरीवरून उतरते, अंगण ओलांडते, फाटक उघडते, उजवीकडं निघून जाते. पडद्यावर रिकामं फाटक राहतं.

जोहरा चालली. ओसरी, अंगण, फाटक, उजवीकडं. चौकट रिकामी झाली. ती चालत राहिली. मातीवर गोल गोल. डावा पाय विचारून, उजवा न विचारता. पाय जुळवायचे होते, पण पुढं अजून रस्ता होता असं तिला स्पष्ट वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, पायांना लागत होता. खडी, मग गुळगुळीत काहीतरी, मग पुन्हा माती. पायांखालच्या चौकटीत तर मातीच होती सगळी.

"ताई," बद्रीनाथ म्हणाला. "झालं की."

ती चालतच होती.

"आवं ताई! झालं!"

तेवढ्यात दार ढकलून मधुसूदन आत आला. आत यायचं नसतं. लाल दिवा लागलेला होता. तो मातीत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं जोहराच्या पायांतल्या चपलेवर हात ठेवला. पाय थांबले. जुळले नाहीत, एक पुढं, एक मागं.

"मला वाटलं, आता ह्या दारातून अक्काच येईल," तो म्हणाला.

अशा वेळी काय करतात? बद्रीनाथनं टेप बंद केली. चहा मागवला. वरून विमान गेलं. जोहरानं त्याला खुर्चीवर बसवलं, चपला पुसून पुन्हा कापडात गुंडाळून दिल्या, दारापर्यंत सोडलं. मग घड्याळ बघितलं, आपल्या चपला पायांत सरकवल्या आणि स्कूटी काढली. अब्बांची जेवायची वेळ झाली होती.

घरचे पाय राहिले.


वस्तू

चावी. जिना. चप्पल.

आतून काही आलं नाही.

अब्बा खाटेवर ताठ बसले होते. डोक्यावर टोपी होती. पाहुणा आला की घालतात तशी.

"या बाई," ते म्हणाले. "बसा. जोहराकडं काम होतं का?"

मराठीत म्हणाले.

कमरोद्दीन मराठी उत्तम बोलायचे. सगळी नोकरी त्यांनी मराठीत केली, भांडणं मराठीत केली, साहेबाला अर्ज मराठीत लिहिले. पण घरात, लेकीशी, जन्मात एक वाक्य मराठीत बोलले नव्हते. मराठी बाहेरच्यांसाठी होती, आणि घर दखनीत चालायचं.

"अब्बा, मैंच है ना, जोहरा."

अब्बा हसले. लहान पोराची लबाडी पकडल्यावर हसतात तसे.

"आवाज बरोबर काढला. तिच्याबरोबर काम करता वाटतं. तिनंच शिकवला असेल."

"अब्बा!"

"येईल आता ती. वेळ झालीच आहे."

तिनं पुढं होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो सावकाश सोडवून घेतला. रागानं नाही, अदबीनं.

"असं नका करू, बाई. बरं दिसत नाही."

तिनं ताट वाढलं. खिचडी, चिंचेचा खट्टा, त्यांच्या आवडीचं लोणचं. ताटाचा आवाज तिचा, वाटीचा आवाज तिचा. ते नको म्हणाले. लेक आली की जेवतो म्हणाले. ताट झाकून ती समोर बसून राहिली, आणि अब्बा दाराकडं कान लावून बसून राहिले. वाट पाहता पाहता झोपले, उपाशी.

दुसऱ्या दिवशी ती अनवाणी आली. "या बाई." संध्याकाळी साळूबाईची चप्पल घालून आली. "या बाई, आज चप्पल बदललीत." जोरात आली, पळत आली, उड्या मारत आली. अब्बांना बाईचं कौतुक वाटायला लागलं.

"तुमच्या डाव्या पायाला काही झालं होतं का कधी?" त्यांनी विचारलं. "टेकवताना बिचकता. आमच्याकडं एक ड्रायव्हर होता, क्लच तसाच दाबायचा. पुढं काय आहे त्याचा भरवसा नसल्यासारखा. चांगला माणूस होता."

शेजारच्या डॉक्टरांनी येऊन नाडी बघितली आणि जोहराला बाहेर बोलावलं. नुसत्या चहावर ह्या वयात माणूस टिकत नाही, ते म्हणाले. ह्या आठवड्यात पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. आणि हात बांधावे लागतील, कारण हे नळी ठेवणार नाहीत.

आतून अब्बांनी ते ऐकलं. त्यांच्या कानातून काय सुटणार?

"हात बांधायच्या आधी माझ्या लेकीला निरोप द्या, बाई," ते म्हणाले. "ती असं होऊ देणार नाही."


सन्नाटा

साळूबाईनं ते सहज सांगितलं, कांदा चिरता चिरता.

"दुपारच्याला कुनासंगं तरी बोलत्यात बघ तुझं अब्बा. लई गोडीनं. मराठीत."

"कुणाशी?"

"आता मला काय ठावं? मी हितं भाकऱ्या थापतीया. कडी आतून लावल्याली. पर हासत्यात बी मधीच."

"मी असते का तेव्हा?"

साळूबाईनं सुरी खाली ठेवून तिच्याकडं बघितलं. "तू कामावर असतीस, माय. तुला काय व्हतंय?"

जोहरानं दुसऱ्या दिवशी कामाला जाताना छोटा रेकॉर्डर अब्बांच्या खाटेखाली ठेवला. संध्याकाळी काढून आणला, आणि सकाळी शेडमध्ये बद्रीनाथसमोर लावला. बराच वेळ पंखा. साळूबाईच्या भाकरीचे थपथप. मग अब्बा.

*या. बसा.*

( )

*पायांना कळ लागली असेल. केवढं चालता.*

( )

*पडेगाव? बापरे. तिथून पायी?*

( )

*मग एखाद्या ठिकाणी टेकायचं की हो.*

( )

*कुणी थांबा म्हणालंच नाही? असं कसं?*

( )

*नाही नाही. माझी लेक आली की सांगतो. ती तेच काम करते. तिच्या हातात असेल तर करील.*

( )

*तिचीच वाट बघतोय. तुम्हाला रस्त्यात भेटली का कुठं?*

( )

*हो का.*

ह्या शेवटच्या *हो का*नंतर पुन्हा नुसता पंखा.

"एकटेच बोलतायत," जोहरा म्हणाली. "वयानं होतं असं."

बद्रीनाथनं टेप मागं घेतली. त्यानं मधले रिकामे तुकडे कापून एका रांगेत लावले. मग सकाळचा, कुणी काही बोलायच्या आधीचा तुकडा त्यांच्या शेजारी लावला. असं ते रोजच करतात. प्रत्येक खोलीचा सन्नाटा वेगळा घेऊन ठेवावा लागतो, कारण कुठलीही खोली पूर्ण गप्प नसते. त्यानं आवाज वाढवला.

"ह्ये सकाळचं."

पोकळ. भिंतीवरून परत येणारं.

"आन् ह्ये मधलं."

जोहरानं डोळे मिटले. गयासभाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: खोलीत माणूस वाढला की सन्नाटा जाड होतो. अंगावरचं कापड, अंगाचं मांस थोडा आवाज पिऊन टाकतं. आतला माणूस हलला नाही, बोलला नाही, तरी.

मधले तुकडे जाड होते.

"साळूबाई आत आली असंल," बद्रीनाथ म्हणाला.

"भाकरीचा आवाज चालूच आहे, बद्री."

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, थोडा लांब.

विमान. थांबा.


पुन्हा

"शेवटचा शॉट लाव," जोहरा म्हणाली.

"त्यो झालाय."

"झाला नाही. मी पाय जुळवले नाहीत. लाव."

मधुसूदनला फोन केला. तो काही न विचारता चप्पल घेऊन आला आणि ह्या वेळी बाहेरच, शेडच्या पायरीवर बसला. ओसरी, अंगण, फाटक, उजवीकडं. चौकट रिकामी झाली. पायांना पुन्हा तो रस्ता लागला, खडी आणि गुळगुळीत आणि माती, आणि ह्या वेळी एका बाजूला ट्रकांचा वारा पण. जोहरा चालत राहिली, लांब, आणखी लांब, बद्रीनाथनं बोट बटनावर धरून ठेवलं होतं. मग तिनं डावा पाय पुढं केला. विचारला. टेकवला. उजवा आणून त्याच्याशेजारी ठेवला.

"बस झालं, अक्का," ती म्हणाली. तिनं असं म्हणायचं ठरवलेलं नव्हतं. "थांबा आता."

माती गप्प झाली. बद्रीनाथनं काचेतून अंगठा दाखवला. जोहरानं चपला काढल्या, आणि चौकटीच्या मधोमध आपल्या चपला घालून उभी राहिली.

"आता घरचे पाय. घे टेप."

बद्रीनाथनं बटन दाबलं. लाल दिवा लागला.

ती उभीच होती.

"ताई, चाललंय."

"हो."

"चाल की मग."

"कशी?" जोहरा म्हणाली.

हा प्रश्न तुम्ही कुणाला कधी विचारला नसेल. चाल कुणी शिकत नाही, ती असते. तिनं पाय उचलला तर तो ठेवायचा कसा ते ठाऊक नव्हतं. टाच आधी की चवडा? हात कुठवर हलतात? विचारून टेकणारी चाल निघून गेली होती आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच आली नव्हती. घराबाहेर सामान काढून झाल्यावर खोली राहते तशी ती उभी होती.

"जुन्या टेपा आहेत ना?"

होत्या. बद्रीनाथ काही पुसत नसे. त्यानं मागच्या कामांचे घरचे पाय काढून लावले. भराभर, टाच आपटत, वळताना चप्पल मागं फटकन वाजते. घाईत असलेली, कुठंतरी वेळेवर पोचायचं असलेली बाई.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"ताई, चेष्टा करू नगंस."

ती चेष्टा करत नव्हती. मग तिनं तेच केलं जे तिला येत होतं. वाळूजच्या मावसभावाच्या लग्नातला मोबाईलवरचा व्हिडिओ होता. त्यात हिरव्या ओढणीची एक बाई मांडवाच्या कडेनं ताटं घेऊन जाते, येते, कुणावर तरी हसते. तो पडद्यावर लावायला सांगितला. ही आपण आहोत हे तिनं मनातून काढून टाकलं आणि त्या बाईच्या खांद्यांकडं बघायला लागली. उजवा खांदा जरा पुढं. मान घाईत. बरं. टाच आधी.

"डावा उशिरा येतुया," काचेपलीकडून बद्रीनाथ. "टेकताना बिचकू नगंस. तू बिचकत नव्हतीस."

"पुन्हा."

"वळताना फटका कमी पडला. तुझी चप्पल लई बोंबलायची, ताई. मला कापून काढावी लागायची."

"पुन्हा."

दुपार झाली, जेवायचं राहिलं. पिंडऱ्या भरून आल्या. प्रमोदिनीला एवढा वेळ लागला नव्हता. तिच्याकडं काही तरी वेगळं होतं, पकडायला जागा होती. ह्या हिरव्या ओढणीच्या बाईत पकडण्यासारखं काहीच नव्हतं. साधी चाल. साधी चाल सगळ्यात अवघड, असं गयासभाई म्हणायचे. नायिकांच्या मागच्या गर्दीतल्या बायका चालवताना हे तिला पटलं होतं. आज स्वतःवर आलं.

शेवटी बद्रीनाथनं दोन्ही लावले. जुनी टेप डाव्या स्पीकरवर, आजची उजव्या. मग त्यानं तिला तोंड फिरवायला लावलं आणि अदलाबदल केली, पुन्हा केली.

"सांग, आजची कुठली?"

तिला सांगता आलं नाही.

"मला बी नाय," तो म्हणाला. "जा घरी. हितं रेंगाळू नगंस."


मिक्स

पाय: जोहरा.
कापड: जोहरा. सलवारीची दोन्ही पायांत होणारी खसखस, ओढणी खांद्यावर टाकताना.
वस्तू: चावी. कठड्यावर हात. कुणी बाजूला ठेवलेली बादली, तिला लागलेला अंगठा.

ह्यातलं काही चुकलं नाही. स्कूटी तिनं रोजच्या जागी लावली, जिना भराभर चढली, टाच आपटत, वळणावर चप्पल फटकन वाजवत. वरच्या पायरीवर श्वास रोखला नाही, कारण हिरव्या ओढणीची बाई रोखत नव्हती. साळूबाई केव्हाच घरी गेली होती. जाताना खिचडी मऊ करून झाकून ठेवली होती.

अब्बा भिंतीला टेकून बसले होते. तीन-चार दिवसांत गालांची हाडं वर आली होती. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली. पूर्ण चेहरा. तोंड किंचित उघडलं.

ती खाटेपाशी येऊन थांबली. पाय जुळवून नव्हे. जशी थांबायची तशी, एका पायावर भार देऊन.

अब्बांचे ओठ हलले. मग ते हसले, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"हुबेहूब," ते म्हणाले. "बाई, लई मेहनत घेतली तुम्ही."

जोहरानं खिचडीवरचं झाकण काढलं.

"म्हाताऱ्यानं दोन घास खावेत म्हणून एवढं करता. परक्या माणसासाठी कोण करतं? अल्ला तुमचं भलं करो. पण मला कळतं हो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ती चालते तेव्हा चालतेय असं तिला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे."

ती खुर्चीवर बसली. ताट मांडीवर घेतलं, चमचा धरला, तसाच धरून ठेवला. खाली गल्लीत कुणी शटर ओढलं. काही सांगावं, लहानपणीचं, जे फक्त दोघांना माहीत आहे असं. पण ते जोहरानं आपल्याबरोबर काम करणाऱ्या बाईला सांगितलंही असेल, नाही का? असंच म्हणतील ते. आणि अदबीनं म्हणतील.

"ती येईपर्यंत थांबता का?" अब्बांनी विचारलं. "एकट्याला आता भीती वाटते."

"थांबते," ती म्हणाली. मराठीत.

मग खाली जिन्यापाशी चप्पल वाजली.

जोहराचा कान धंद्यातला होता. त्याला जिन्यावरची बाई न बघता दिसते. टाच आधी. भराभर. उजवा खांदा जरा पुढं. वळणावर चप्पल फटकन बोंबलली आणि बद्रीनाथला कापून काढावा लागायचा तो आवाज पूर्ण, कुठंही न कापता, जिन्यातून वर आला. घाईत होती. कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं. आपण चालतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

अब्बांचा सगळा चेहरा दाराकडं वळला. टोपी त्यांनी काढून उशीखाली सारली.

"आगई क्या बेटा?"

पावलं उंबऱ्यात आली, आणि खोली जाड झाली.

"इत्ता देर कैकू करी गे? ये बाई बिचारी कबसे बैठी है. तेरे वास्ते."

दार जोहराच्या पाठीमागं होतं. तिनं मागं बघितलं नाही. मागं बघावं की नाही ह्याचा विचार करायला वेळ लागला असता, आणि अब्बांचं तोंड उघडलेलं होतं. घासासाठी. इतक्या दिवसांनी. तिनं आपले दोन्ही पाय हळूच उचलून खुर्चीवर घेतले, जमिनीला कुठंही लागणार नाहीत असे. श्वास बारीक केला. चमचा भरला, हलक्या हातानं, वाटीला न लावता, आणि पुढं केला.

अब्बांनी खाल्ला.

"खट्टा दे ना थोडा," ते तिच्या डोक्यावरून दाराकडं बघत म्हणाले.

तिनं खट्टा दिला.